नसण्याची तालीम

सुई शिरेत गेली होती, सिरिंजमध्ये रक्त यायला लागलं होतं, तेवढ्यात गणपतरावांचा हात हलला. वसुंधरेला वाटलं, म्हातारबुवा घाबरले. "हात स्थिर ठेवा, काका," ती म्हणाली. "मी नाही हलवत, डॉक्टर," गणपतराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग तिला काचनळ्यांचा आवाज ऐकू आला. रॅकमधल्या सगळ्या नळ्या एकमेकींवर किणकिणत होत्या, बारीक, एकसारख्या. पायाखालची फरशी आपली नाही असं काहीतरी तिला वाटलं. भीती अजून आलीच नव्हती. एकच विचार होता की सुई बाहेर काढली पाहिजे, आणि सरळ काढली पाहिजे. तिने दट्ट्यावरचं बोट उचललं, पट्टा सोडला, सुई काढली, कापसाचा बोळा दाबला, गणपतरावांचा हात कोपरात दुमडला. हे सगळं तिने रोजच्याच क्रमाने केलं आणि मगच टेबलाची कड धरली. पाठीमागे काहीतरी जड वस्तू जमिनीवर आदळली. जिन्यातून लॅबमधली मोहना ओरडत होती, "मॅडम, धरतीकंप, खाली या." वसुंधरेने गणपतरावांचा दुसरा हात धरला आणि दोघं दोन मजले उतरून मांडवीच्या रस्त्यावर आले.

रस्त्यावर सगळं बडोदं उभं असल्यासारखं वाटत होतं. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, दुकानं बंद, कुणी अंगावर टॉवेल गुंडाळून आलेलं, कुणाच्या हातात दात घासायचा ब्रश. माणसं मान वर करून आपापल्या इमारतींकडे बघत होती. बोलत होती ती हळू, जणू मोठ्याने बोललं तर पुन्हा हलेल. गणपतराव कोपर दुमडून तसेच उभे होते. किती वेळ गेला कोण जाणे, वसुंधरेचं लक्ष गेलं तर ते अजूनही तसेच. "काका, सोडा आता हात," ती म्हणाली. त्यांनी सोडला, बोळा बघितला, खिशात ठेवला. उपाशीपोटीची साखर तपासून घ्यायला आलेला माणूस, अजून उपाशीच. एका पायरीवर कुणीतरी स्टो आणून चहा ठेवला होता आणि येईल त्याला देत होता. "माझ्यात साखर?" गणपतरावांनी तिच्याकडे बघून विचारलं. "आज घ्या," वसुंधरा म्हणाली. त्या चहाचा पहिला घोट घेतला आणि ती तिथेच पायरीवर बसली. आपल्या हातून म्हाताऱ्या माणसाची शीर फाटली नाही, याचंच तिला केवढं तरी वाटत होतं. कच्छात काय झालंय, अहमदाबादेत काय झालंय, हे दुपारी टीव्हीवर कळायचं होतं. त्या वेळी तिच्या कृतज्ञतेचा आकार एका सुईएवढाच होता.

लॅब तिची चौदा वर्षांची. दोन खोल्या, एक काउंटर. मोहना तंत्रज्ञ म्हणून होती, आणि काउंटरवर तात्यासाहेब, अडुसष्ट वर्षांचे, सरकारी दप्तरातून निवृत्त झालेले, आजही रबरी शिक्का मारताना आधी तारीख दोनदा बघणारे. तात्यासाहेब त्या दिवशी पाणीगेटच्या घरून चालत आले ते साडेदहाला. तिघांनी वर जाऊन बघितलं. फुटल्या होत्या त्या नळ्याच जास्त. आणि कम्प्युटर टेबलावरून खाली पडला होता. मोहनाने तो उचलून जागेवर ठेवला, वायर लावली, बटण दाबलं. आतून टक् टक् असा आवाज आला, जरा थांबला, पुन्हा टक् टक्. पडदा काळाच राहिला. घरातल्या मोठ्या घड्याळाच्या आवाजासारखा आवाज, पण काहीच न मोजणारा. "राहू दे," वसुंधरा म्हणाली. "माणसं वाचली ना." ती हे मनापासून म्हणाली होती. पण घरी जाताना रिक्षात तिच्या कानात टक् टक् चालूच राहिलं, कारण त्या डब्यात काय होतं ते आता एकेक करून आठवायला लागलं होतं. चार वर्षांचे रिपोर्ट, ते एक वेळ लोकांच्या घरी फायलीत असतील. पण रक्तदात्यांची यादी. अकराशे चाळीस माणसं, त्यांचे रक्तगट, पत्ते, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. सुरुवातीला वहीत, मग कार्डांवर, मग या यंत्रात. कार्डं तिने स्वतःच रद्दीत दिली होती, जागा अडते म्हणून. शहरातल्या रक्तपेढ्यांना दुर्मीळ गट लागला की त्या तिला फोन करत. हा धंद्याचा भाग नव्हता, पण लॅबमधलं खरं तेवढंच आहे असं तिला कधीकधी वाटायचं.

केयूरला फोन करायला हवा होता. फोन लागत नाहीत, हे कारण त्या दिवशी सगळ्या गावाला होतं, तिलाही ते सोयीचं होतं. केयूर कम्प्युटर दुरुस्त करायचा, गोत्रीत राहायचा, मराठी शेजारात वाढलेला म्हणून गुजराती वळणाचं मराठी बोलायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने लहान लहान धंद्यांसाठी एक नवीनच काम काढलं होतं: सगळी माहिती गेली तर काय करायचं याची आधीच आखणी. दवाखाने, छापखाने, औषधांची दुकानं, सगळीकडे तो एक छापील कागद घेऊन जायचा आणि प्रश्न विचारायचा. "बेन, आग लागली तर? वरच्या मजल्याची टाकी फुटली तर? कोई कम्प्युटर चोरी गयो तर?" तिला सुरुवातीपासूनच तो माणूस आवडला नव्हता असं नाही, तो प्रश्न विचारताना ज्या उत्साहाने पुढे वाकायचा, ते आवडत नव्हतं. तरी तिने हो म्हटलं होतं. त्याने पद्धत बसवून दिली. दर शनिवारी सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर घ्यायची, आणि ती फ्लॉपी त्याच इमारतीत ठेवायची नाही, तात्यासाहेबांनी घरी न्यायची. आणि दर तीन महिन्यांनी तालीम. कम्प्युटर मेलाय असं समजायचं, दुसऱ्या यंत्रावर फ्लॉपी घालायची, आणि यादी खरोखर उघडते का बघायचं. "नक्कल काढली म्हणजे नक्कल आहे असं नसते, बेन," तो म्हणायचा. "उघडली तर आहे."

दोन तालमी झाल्या. तिसरी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. त्या दिवशी तो कागदावरचा पुढचा रकाना भरायला लागला आणि सहज म्हणाला, "आणि बेन, तमेच नसाल तर? चावी कोणाकडे, सही कोण करेल, ते पण लिहायला पाहिजे ने." वसुंधरेला काय झालं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा अविनाश गेला होता. रिफायनरीतून घरी येताना, स्कूटरवर, बत्तेचाळिसाव्या वर्षी. आणि त्याच्या जाण्याबरोबर घराची सगळी माहितीही गेली होती. कपाटाची मधली किल्ली कुठे, विम्याचा कागद कुठल्या फायलीत, गॅसचा नंबर कुणाच्या नावावर, गच्चीतली टाकी कुठल्या कॉकने बंद होते. सगळं त्याच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं रस्त्यावर आपटलं होतं. सहा महिने ती खण उघडत होती. दुःख करायलाही तिला सवड मिळाली नव्हती, आणि त्यासाठी अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात ती अविनाशवर रागावलेली होती. हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आणि हा माणूस पेन उघडून विचारत होता, तुम्ही नसाल तर. "तुम्ही लोकांचं वाईट चिंतून पोट भरता," ती म्हणाली होती, मोहनाच्या आणि तात्यासाहेबांच्या देखत. "तालीमबिलीम काही नको. पुन्हा येऊ नका." केयूरने पेनाचं टोपण लावलं होतं. जाताना तात्यासाहेबांना एवढंच म्हणाला, "काका, शनिवार बंद करू नका." आणि तात्यासाहेबांनी बंद केला नाही. सांगितलेलं काम कुणी नको म्हणेपर्यंत करायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. ती दर शनिवारी त्यांना फ्लॉपी रुमालात गुंडाळताना बघायची आणि तिला चिडल्यासारखं व्हायचं.

शनिवारी सकाळी दहाला फोन वाजला. गावातल्या गावात आता फोन लागत होते. रक्तपेढीतले पिलाजीराव माने होते, जुने ओळखीचे. "डॉक्टर, तुमची यादी हवी. ओ निगेटिव्ह." मागे प्रचंड गलबला ऐकू येत होता. ती म्हणाली, "तुमच्याकडे तर रांग लागलीय म्हणे." "रांग कसली, जत्रा आहे," पिलाजीराव म्हणाले. "कालपासून हजार माणूस येऊन गेला असेल. पण सगळे बी नि ओ पॉझिटिव्ह. निगेटिव्ह होतं ते काल रात्रीत कच्छच्या गाड्यांबरोबर पाठवलं. अहमदाबादची एक बाई आणलीय, तिथे जागा नव्हती म्हणून. स्वयंपाकघराचा माळा अंगावर आला. सातवा महिना आहे. पाच बाटल्या तरी लागतील, आणि तिला दुसरं काही चालत नाही. दुपारपर्यंत." वसुंधरा म्हणाली, "देते." फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय कबूल केलं. तिने समोरच्या काळ्या पडद्याकडे बघितलं, मग डायरी उघडून केयूरचा नंबर फिरवला. ती माफी मागायची वाक्यं जुळवत होती. त्याने फोन उचलला, तिने नाव सांगितलं, आणि तो म्हणाला, "पडला का? टक् टक् करतो? बटण दाबू नका बेन, हात लावू नका. मी येतो."

तो अर्ध्या तासात आला, स्कूटरवर पुढे स्वतःच्या घरचा कम्प्युटर बांधून. त्याच्या सोसायटीच्या जिन्याला तडा गेला होता, सगळे खाली अंगणात झोपले होते, हे तो वायरी जोडता जोडता सांगत होता. तात्यासाहेब रुमाल सोडत होते. वीस तारखेची फ्लॉपी घातली, ती वाचलीच गेली नाही. तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तेरा तारखेची दिली. ती उघडली. पडद्यावर नावं यायला लागली आणि वसुंधरेला आपण उभे आहोत की बसलोय हे कळेना. ही माणसं तिने एकेक करून जमवली होती, शाळांच्या पटांगणांत, मंडळांच्या मांडवात, आणि काल सकाळपासून ती नव्हती, आणि आता पाणीगेटच्या एका फडताळातून ती परत येत होती. "बेन," केयूर जरा वेळाने म्हणाला, "ही नोव्हेंबरची आहे." शेवटची नोंद चार नोव्हेंबरची होती. त्याने मागे पुढे करून बघितलं आणि मग त्याला उमगलं. दिवाळीनंतर लॅबचा नवा प्रोग्रॅम बसवला तेव्हा यादी वेगळ्या जागी ठेवली गेली होती. तात्यासाहेब दर शनिवारी जुन्या जागेची नक्कल घेत होते, इमानदारीने, अडीच महिने तीच ती यादी. "म्हणजे माझीच चूक," तात्यासाहेब म्हणाले. "नाही," वसुंधरा म्हणाली. "तालीम झाली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. ती मी होऊ दिली नाही." हे वाक्य म्हणणं तिला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. केयूर पडद्याकडेच बघत होता. "घरी माझी वाइफ पण तेच म्हणते," तो म्हणाला, "सवारना पोरमां शुभ शुभ बोलो, सकाळी सकाळी अशुभ नको. तुम्ही काय नवीन नाय बोललात, बेन." मोहनाला हसू आलं आणि तिने ते दाबलं.

ओ निगेटिव्ह एकवीस निघाले. मोहनाने एका फोनवरून, तात्यासाहेबांनी खालच्या दुकानातल्या फोनवरून एकेकाला लावायला सुरुवात केली. दोघे गाव सोडून गेले होते. एकाचा फोन बदललेला. एक बाई आजारी. तिघांनी महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. एक गृहस्थ अहमदाबादेत भावाला शोधायला गेले होते, त्यांची आई फोनवर रडली आणि तात्यासाहेब तिच्याशी खूप वेळ बोलत राहिले, पुढचे नंबर खोळंबले तरी त्यांना कुणी टोकलं नाही. साडेबारापर्यंत चौघं निघाले होते. बाकीच्यांचे फोन नुसतेच वाजत राहिले, पाचवं मिळेना. आणि वसुंधरेला डिसेंबरातलं नुसत्या रक्तगट-तपासणीचं एक शिबिर आठवत होतं, गोत्रीतल्या कुठल्याशा सोसायटीच्या हॉलमधलं. तिथे एक ओ निगेटिव्ह सापडली होती, तेव्हा तिने मोहनाला मुद्दाम बोलावून दाखवलं होतं. तिला तो हात आठवत होता. डावा हात, मनगटाच्या वर तव्याचा चटका, हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, शीर चटकन सापडणारी. तिने डोळे मिटले आणि त्या हातावरून वर चेहऱ्याकडे जायचा प्रयत्न केला, पण चेहरा येईना. नाव येईना. चौदा वर्षं ती माणसांच्या हातांकडेच बघत आली होती, नाव दुसरीकडे लिहिलेलं असतं या भरवशावर. तिला अविनाशची आठवण झाली, आणि आज पहिल्यांदाच असं वाटलं की त्यानेही काही मुद्दाम लपवलं नव्हतं. त्यालाही वाटलं असेल, मी आहे की. सगळ्यांनाच तसं वाटतं. आपणही काल सकाळपर्यंत तसंच समजत होतो. त्या गडबडीत, फोन वाजत असताना, पाच वर्षांनी तिला त्याच्यासाठी रडू आलं. केयूरने ते बघितलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

एक वाजता ती स्वतःच रक्तपेढीत गेली. चौघांपैकी तिघं रक्त देत आडवे होते, चौथा सरबत पीत होता. "पाचवं बघतेय अजून," ती पिलाजीरावांना म्हणाली. "पाचवं आलं की," ते म्हणाले. "मघाशीच. तुम्हीच पाठवलंत ना?" आतल्या खाटेवर एक तिशीची बाई होती, आणि वसुंधरेने आधी हात ओळखला. आज बांगड्या नव्हत्या. बाईचं नाव आकांक्षा दळवी. ती सकाळी आठपासून बाहेरच्या रांगेत उभी होती. आता रक्त नको, जागा नाही, असं सांगून सगळ्यांना परत पाठवत होते, तेव्हा तिने पर्समधून लॅबचं छोटं कार्ड काढून दाखवलं होतं. गट तपासल्यावर प्रत्येकाला मोहना देते ते, गट लिहिलेलं. "तुम्ही तेव्हा म्हणाला होता ना मॅडम, की हे जपून ठेवा, कामाला येईल," आकांक्षा म्हणाली. वसुंधरेला असं म्हटल्याचं आठवत नव्हतं. ती शेकडो लोकांना ते म्हणत असणार. तिने आकांक्षाच्या कपाळावर हात ठेवला. नावं विसरणाऱ्या माणसाला आणखी काय करता येतं. "दुखतंय का?" तिने विचारलं. "नाही," आकांक्षा म्हणाली. "तुमचा हात गार आहे, बरं वाटतंय."

अहमदाबादची बाई वाचली. वसुंधरेने तिला कधी बघितलं नाही. पिलाजीरावांनी सांगितलं म्हणून कळलं की एप्रिलात मुलगी झाली, वजन कमी आहे पण रडते खणखणीत. यादीतली हरवलेली एकतीस नावं कार्डांवरूनच परत आली. तात्यासाहेबांनी प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, आणि माणसं जिने चढून आपापली कार्डं घेऊन आली, एक जण तर रजेचा दिवस धरून लांबच्या सावली गावाहून आला. प्रत्येक वेळी वसुंधरा उठून उभी राहायची. मोहनाने विचारलं, "मॅडम, प्रत्येकाला काय उठता?" ही माणसं होतीच, तिच्या यंत्रात नव्हती तेव्हाही होती, आणि एवढ्या साध्या गोष्टीने तिला दिवसभर भरून येत होतं. केयूरने मेलेल्या डिस्कमधून काही निघतं का म्हणून ती मुंबईला पाठवली. काही निघालं नाही. आता तो दर तीन महिन्यांनी यायला लागला. तीन नकला तीन ठिकाणी, आणि तालीम चुकवायची नाही, हे वसुंधरेनेच कागदावर लिहून सही केली.

जुलैतल्या तालमीला त्याने कागद काढला आणि तो वाचायला जरा अडखळला. "आज काय गेलंय?" वसुंधरेने विचारलं. "कम्प्युटर?" "ना," केयूर म्हणाला. "तो रकाना राहिला होता, बेन." तिला समजलं. "मी," ती म्हणाली. त्याने मान हलवली. मग वसुंधरेने पांढरा कोट काढून खुंटीला लावला, फ्रीजची आणि औषधांच्या कपाटाची किल्ली मोहनाच्या हातात दिली, कुठला डॉक्टर सह्या करणार ती चिठ्ठी तात्यासाहेबांना दाखवली. "काही अडलं तर?" मोहनाने विचारलं. "अडलं तर अडेल," वसुंधरा म्हणाली. "मला विचारायचं नाही. मी नाहीये."

ती जिना उतरून सुरसागरच्या काठी जाऊन बसली. सकाळचे अकरा वाजले होते. चौदा वर्षांत या वेळी ती काम सोडून कधी बाहेर नव्हती. तळ्यावर ऊन होतं, पलीकडच्या रस्त्यावरून बसेस जात होत्या. वर लॅबमध्ये आता कुणीतरी बाही वर करत असेल, मोहना पट्टा बांधत असेल, तात्यासाहेब शिक्का मारण्याआधी तारीख बघत असतील. तिच्याशिवाय. हा विचार बोचेल असं तिला वाटलं होतं, आणि ती बोचण्याची वाट बघत बसली. शेजारी एक म्हातारी बाई येऊन टेकली, पिशवी पायाशी ठेवून. "कोणाची वाट बघो छो?" तिने विचारलं. "कुणाची नाही, बा," वसुंधरा म्हणाली. "आज मला काम नाही." ते वाक्य तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. म्हातारीने पिशवीतून सिंग-चणे काढून तिच्या ओंजळीत घातले. ती एकेक शेंगदाणा चावून खात राहिली. साडेबाराला परत जायचं ठरलं होतं. बारा चाळीस झाले, तरी ती उठली नाही.